बाबेलमधला ‘शालोम’: यिर्मयाच्या पत्रातली समृद्धी

आज आपण एकच वचन हाती घेणार आहोत: यिर्मया, अध्याय 29, वचन 11. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, मोबाईलच्या स्टेटसवर आपण ते कितीदा तरी पाहिलंय. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्याच योजना आहेत, असा त्याचा भावार्थ. त्यावरून पुढे सांगितलं जातं, की विश्वास पक्का असेल तर नोकरी मिळेल, कर्ज फिटेल, आजार जाईल. नाही गेला, तर तुमच्याच विश्वासात खोट. हा शेवटचा भाग फार क्रूर आहे. कॅन्सरच्या वॉर्डात पडलेल्या माणसाला आजाराच्या जोडीला अपराधीपणाही सोसावा लागतो. म्हणून हे वाचन तपासायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आधी पत्ता पाहू. हे वचन एका पत्रातलं आहे. इसवी सनपूर्व 597 मध्ये नबुखद्नेस्सरानं यरुशलेममधून राजा यखन्या, दरबारी, कारागीर, लोहार यांना बाबेलला नेलं. यिर्मया मागे यरुशलेममध्येच राहिला आणि त्यानं या बंदिवानांना पत्र लिहिलं. म्हणजे वाचणारे लोक घरदार, मंदिर, राजा, सगळं गमावून बसलेले.

आता आदला अध्याय वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल, मंदिराची भांडीसुद्धा. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो सर्वांदेखत मोडतो. ऐकायला किती गोड! यिर्मयाही आधी म्हणतो, आमेन, तसंच होवो. पण पुस्तकाचा निवाडा स्पष्ट आहे: हनन्या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावत होता. आमचा मुद्दा इथे आहे. आज अकराव्या वचनाच्या नावानं जे सांगितलं जातं, ते पुष्कळदा हनन्याचं भाषण असतं; खाली सही तेवढी यिर्मयाची.

यिर्मयाची मुदत आहे सत्तर वर्षांची. पत्र ऐकणाऱ्या तिशीतल्या माणसानं हिशेब केला असेल, की आपण काही परत जात नाही. मग त्याच्यासाठी काय? तर घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. या सातव्या वचनात ‘शालोम’ हा हिब्रू शब्द तीनदा येतो. अकराव्या वचनात ‘योजना’ कशाच्या, तर त्याच शालोमच्या. शांती, क्षेम, काही तुटलेलं नसणं, नाती नीट असणं, एवढं सगळं त्या शब्दात बसतं. इंग्रजीतल्या एका लोकप्रिय भाषांतरानं तिथे भरभराटीचा शब्द वापरला आणि बरेच प्रचारक त्यावरच थांबले. पण सातवं वचन सोबत ठेवलं तर शालोम एकट्याच्या खिशात मावत नाही. शत्रूच्या शहराचं बरं झालं तरच तुमचं बरं होणार, असं ते म्हणतं.

इथे मराठीचीही एक गंमत आहे. मूळात ‘तुम्ही’ हे अनेकवचन आहे, समूहाला उद्देशून. आपल्याकडे ‘तुम्ही’ आदरार्थीही असतं. त्यामुळे कॅलेंडरवरचं वचन वाचणाऱ्याला वाटतं, देव मला एकट्यालाच, मानानं, सांगतोय.

आता उलट बाजू. बायबलमध्ये आज्ञापालनाला पीकपाणी आणि संतती यांची जोड आहेच; अनुवाद 28 वाचा, नीतिसूत्रं वाचा. हे नाकारून चालणार नाही. देवाला भाकरीची पर्वा नाही, असंही बायबल म्हणत नाही. यिर्मयाच्या पत्रातही घर आहे, फळ आहे. पण याच ग्रंथात ईयोब आहे. त्याचं दुःख पापाचंच फळ, असं ठासून सांगणाऱ्या मित्रांवर अखेर देवाचा राग होतो. म्हणजे आशीर्वादाचं वचन उलटं फिरवून दुःखिताला दोषी ठरवायची मुभा बायबल देत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा. ख्रिस्ती झाल्यावर दुःख थांबलं का? 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि 1922 मध्ये त्या स्वतः. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली शिकल्या, शेती-विणकाम करू लागल्या, रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळवू लागल्या. याला समृद्धी म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आणि खुद्द यिर्मया? बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, तो स्वतः पहाऱ्यात, आणि तेव्हा त्यानं अनाथोथचं शेत विकत घेतलं. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला लावलं. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेलं. त्यानं ते शेत कधी कसल्याचा उल्लेख नाही. खत मात्र भांड्यात होतं, पुढच्या कुणासाठी तरी.

आता प्रश्न घेऊ.