कितीची घेतली?

आईसाठी येवल्याहून पैठणी आणली. ती पाहायला आलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच होता, "कितीची?" मीही लगेच आकडा सांगत होते. नंतर लक्षात आलं, की या साडीबद्दल बोलायला आपल्याकडे किमतीशिवाय भाषाच उरलेली नाही.

याचं बरंचसं श्रेय 'होम मिनिस्टर'ला जातं. 2004 पासून त्या खेळाने पैठणी घराघरांत पोचवली, हे मान्य. पण तिथे पैठणी म्हणजे बक्षीस. 2022 मध्ये 'महामिनिस्टर' आलं, तेव्हा बातमी झाली ती 11 लाखांची. पदरावर काय विणलंय, यापेक्षा आकडा मोठा ठरला.

खरं तर पैठणी वाचता येते. पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या अस्सल पदरात प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. विणकर तो धागा मोराच्या कडेपर्यंत नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी तसाच दिसतो. सेमी पैठणीत मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले दिसतात. भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात ते या वळणांमुळे. बांगडी मोर, मुनिया, असावली ही नावं ठाऊक असली, तर कुठला मोर नेटका आणि कुठला नुसता ठोकळेबाज, हेही सांगता येतं. टीका इथून सुरू व्हायला हवी.

पण हे सगळं शिकूनही एक प्रश्न सुटत नाही. विणलं कोणी? 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाला संरक्षण मिळालं, पण ते नाव प्रदेशाचं आहे. माझ्या बिलावर दुकानाचं नाव आहे, विणकराचं नाही. ग्वाटेमालातल्या माया बायका कमरेला बांधलेल्या मागावर 'उइपिल' विणतात. ती नक्षी बाईचं गावही सांगते. 2016 मध्ये या विणकर बायका आपल्या नक्ष्यांवर समूहाचा हक्क मागायला तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेल्या. नक्षी कोणाची, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला. आपल्याकडे तो गिऱ्हाइकालाही पडत नाही.

मी कोड लिहिते. तिथे कुठली ओळ कोणी लिहिली, हे एका कमांडवर कळतं. तीही चार दिवसांत बदलणारी ओळ. पैठणी तीन पिढ्या टिकते आणि तिच्यावर कोणाचंच नाव नसतं.

आई ती साडी नेसली तेव्हा मावशीने विचारलं, "कितीची गं?" आईने पदर उलटा करून दाखवला. मावशीने मोरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कोणी विणलीय?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी येवल्यात आधी हे विचारायचं, भाव नंतर.