वाचता येते म्हणजे काय येते?
डहाणू-तलासरीतील इंग्रजीच्या तासांविषयी

सातवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उभे केले. तिने पुस्तक उघडले आणि राजाच्या गोष्टीतला नऊ ओळींचा उतारा कुठेही न अडखळता, स्वच्छ आवाजात वाचून दाखवला. सर समाधानाने आमच्याकडे पाहू लागले. आम्हीही मान डोलावली. मग सहज म्हणून तिच्याजवळ जाऊन चौथ्या ओळीतल्या एका शब्दाखाली पेन्सिल ठेवली आणि विचारले, "बाळ, हा शब्द कोणता?" ती गप्प राहिली. मग तिचे ओठ हलू लागले. उताऱ्याच्या पहिल्या शब्दापासून ती मनातल्या मनात म्हणत गेली, बोट एकेका शब्दावरून पुढे सरकत गेले, आणि पेन्सिलीपाशी पोचल्यावर तिने अचूक शब्द सांगितला.

वर्णमालेत 'थ' नंतर काय येते हे आठवण्यासाठी आपण 'त थ द ध' असे म्हणत जातो, तसाच हा प्रकार होता. मुलगी हुशार होती, तिची स्मरणशक्ती उत्तम होती. पण ती वाचत नव्हती.

आमचा व्यवसाय प्रयोगशाळेतला. भाषाशिक्षण हा आमचा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल करतो. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील शाळांत आम्ही जातो ते विज्ञानाचे प्रयोग दाखवायला. परंतु प्रयोगाच्या साहित्यावर इंग्रजी असते, सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाचे पुस्तकच इंग्रजीत असते, आणि मग विज्ञानाचा प्रश्न वाचनाशी येऊन थांबतो. म्हणून काही शाळांत विज्ञानाच्या तासाआधी इंग्रजीच्या तासाला बसण्याची परवानगी मागितली. शिक्षकांनी ती मोकळ्या मनाने दिली, त्यांचे आभार. पुढील टीका त्यांच्यावर नाही, तासाच्या रूढ पद्धतीवर आहे. तीन-चार शाळा पाहून सिद्धांत मांडू नये हेही आम्हाला समजते. पण जे पाहिले ते आपल्या वर्गात पडताळून पाहणे कोणालाही शक्य आहे, पाच मिनिटांचे काम आहे.

पडताळा असा. उताऱ्यातले आठ शब्द उलटसुलट क्रमाने फळ्यावर लिहावेत आणि वाचायला सांगावेत. नंतर पुस्तकात नसलेले, किंबहुना इंग्रजीतच नसलेले, 'पिम', 'लब' असे तीन अक्षरी शब्द रोमन लिपीत लिहावेत. ज्याला अक्षरांवरून आवाज काढता येतो तो हे निरर्थक शब्दही वाचेल. ज्याने धडा पाठ केला आहे तो थांबेल. आम्ही केले तेव्हा पहिल्या परीक्षेत निम्म्याहून अधिक मुले थांबली. दुसऱ्या परीक्षेला चार-पाच मुलेच उरली.

असे का व्हावे? महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्यापूर्वी ते पाचवीला येत असे. म्हणजे सातवीतल्या या मुलांच्या पदरी इंग्रजीची सहा वर्षे जमा आहेत. सहा वर्षांत सव्वीस अक्षरांची जुळणी जमू नये, यात मुलांचा दोष असणे अशक्य आहे.

एक कारण लिपीत आहे, आणि त्याचा विचार आपल्या वर्गांतून जवळजवळ होतच नाही. देवनागरीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज एकच असतो. 'क' ला आपण 'क' म्हणतो आणि 'कमळ' मध्येही तो 'क' च असतो. नावे ओळीने म्हटली की शब्द तयार. इंग्रजीत तसे नाही. आपण मुलांकडून घोकून घेतो, "सी-ए-टी कॅट". पण सी, ए आणि टी ही नावे कितीही भरभर म्हटली तरी 'सीएटी' होईल, 'कॅट' कधीच होणार नाही. 'एच' या नावात 'ह' नाही. 'डब्ल्यू' या नावात 'व' नाही. अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कोणीच सांगितलेले नसते. ती बिचारी नावे आणि शब्द यांची जोडी पाठ करतात, सूत्र न कळता उत्तरे पाठ करावीत तशी.

त्यात इंग्रजी मुळातच अवघड. सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातील निरनिराळ्या भाषांत वाचायला शिकणाऱ्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर ओळखीचे सोपे शब्द वाचण्यात फिनिश, ग्रीक, स्पॅनिश मुले ९० टक्क्यांच्या पुढे होती. इंग्रजीत शिकणारी स्कॉटिश मुले ३४ टक्क्यांवर होती. लक्षात घ्या, या मुलांच्या घरी इंग्रजी बोलली जात होती. तिथे ही स्थिती, तर तलासरीच्या पाड्यावर आपण कोणत्या बळावर थेट धडा वाचायला घेतो?

दुसरे कारण अधिक खोल आहे. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे समीकरण मांडले. वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला यातली खोच लगेच कळेल. एक घटक शून्य असेल तर दुसरा कितीही वाढवा, उत्तर शून्यच. आपल्या तासांत सारी शक्ती पहिल्या घटकावर, तीही घोकंपट्टीच्या वाटेने, खर्च होते. दुसरा घटक म्हणजे ऐकून समजणे. सबंध तासात मुलांच्या कानावर समजेल असे इंग्रजी किती पडते? आम्ही मोजले नाही, पण एका तासाला 'सिट डाऊन' आणि 'ओपन युवर बुक्स' याखेरीज काही आठवत नाही.

बाकीचा तास भाषांतरात जातो. एक वाक्य इंग्रजीत, लगेच त्याचे मराठी. मराठी शाळेत हे स्वाभाविक वाटेल. पण इथल्या अनेक मुलांच्या घरी वारली बोलली जाते. पुस्तकी मराठी ही त्यांनी शाळेत येऊन मिळवलेली भाषा. त्यामुळे एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्ध्या परक्या भाषेत सांगितला जातो, आणि मूल मान हलवते. मान हलवणे हे शाळेतले सर्वांत फसवे मापन आहे.

हे दुःख या भागाला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात, गुरे चरतात त्या कुरणावर जावे, असे त्यांनी ठरवले. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचा उगम तिथला. कोसबाड डहाणू तालुक्यातच आहे. पण मुलाच्या जगातून सुरुवात करायची ही रीत बालवाडीपाशीच थांबली, इंग्रजीच्या तासापर्यंत चढून आली नाही. शाळांच्या भिंतींवर तारपा नाचाची चित्रे सुरेख असतात. भिंतीवरून ती वहीत मात्र उतरत नाहीत.

आता लेखनाकडे वळू. एक गंमत करून पाहू. पुढील वाक्य वाचा: 'एका फिरटात तीन मोळके लुगत होते.' प्रश्न: फिरटात काय लुगत होते? उत्तर: फिरटात तीन मोळके लुगत होते. पैकीच्या पैकी गुण! फिरट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही, आम्हालाही नाही, आम्ही ते आत्ताच रचले. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवण्याचा सारा उद्योग या जातीचा आहे. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलायचे. तेही जमले नाही तर फळ्यावरून किंवा गाइडातून. वह्या देखण्या असतात, अक्षर वळणदार असते, तपासनीस खूश होतात. त्या वहीत मुलाचे स्वतःचे एकही वाक्य नसते.

पाठ्यपुस्तकांचा बचाव करायला हवा. बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांत शब्दांचे खेळ आहेत, जोडीने बोलायच्या कृती आहेत. पण 'वेळ पुरत नाही' म्हणून नेमक्या त्याच वगळल्या जातात. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, तिथे ही तक्रार खोटी नाही.

आणखी एक सवय. मुले इंग्रजी शब्दांवर बारीक देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. काही शिक्षक त्यावर रागावतात, काही स्वतःच लिहून देतात. आमच्या मते हा गुन्हा नाही, पण नंतर मूल वाचते ते देवनागरीच, आणि आपल्याला वाटते की इंग्रजी वाचले. ती ओळ हाताने झाका, लगेच कळेल.

मग वाचायला द्यायचे काय? मुलाला ज्याचा आवाज आणि अर्थ आधीच माहीत आहे ते. डहाणू रोड स्थानकाची पाटी घ्या. डी, ए, एच, ए, एन, यू. यातला पहिला 'ए' अ सारखा, दुसरा आ सारखा, आणि एन चा झाला ण. तलासरी घ्या. तिथे 'ए' तीनदा येतो: अ, आ, पुन्हा अ. मग 'कॅट' मधला 'ए' वेगळा का, हा प्रश्न मुलेच विचारतील. किंवा घोलवडच्या चिकूच्या वाड्या घ्या. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बागांत फवारणी होते, आणि फवारणारे हात बहुधा याच मुलांच्या घरचे असतात. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. तीन शब्द, चार रंग. रिकामी बाटली वर्गात मुळीच आणू नये, त्रिकोण फळ्यावर खडूने काढावेत. 'कॉशन' चे स्पेलिंग आवाजावरून येत नाही, ते सवयीने ओळखावे लागते, हेही तिथेच सांगता येईल. हा शब्द वाचता येणे आणि राजाची गोष्ट पाठ असणे यांतले अधिक निकडीचे काय, हे आम्ही सांगायला नको.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीचे नाव त्या वेळी रोज वर्तमानपत्रात येई. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापक बसवले. छोटे धक्के पुढील वर्षांतही येत राहिले. त्यामुळे भूकंप म्हणजे काय हे या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. एका वर्गात विज्ञानाचा तास संपल्यावर आम्ही फळ्यावर 'ग्राउंड', 'हाउस', 'शेक', 'रन', 'फॉल' असे मोजके शब्द लिहिले, आधी ते हावभाव करून बोललो, आणि म्हटले, धक्का बसला तेव्हा काय झाले ते प्रत्येकाने दोन-तीन वाक्यांत लिहा, चुकले तरी चालेल. आधी सारा वर्ग एकमेकांच्या वहीत डोकावू लागला. उतरवायला फळ्यावर उत्तर नव्हते.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले: 'हाउस शेक. आय नॉट रन. माय गोट रन.'

सरांनी सवयीने लाल पेन काढले आणि तिन्ही वाक्यांखाली रेघ मारली. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते, तिन्ही वाक्ये चुकली होती. पण 'गोट' हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला नव्हता. तो त्याने आपल्या डोक्यातून आणला होता, आवाजावरून जुळवला होता, आणि शेवटची अक्षरे उलटसुलट लिहिली होती. ज्याला आवाजावरून जुळवता येत नाही त्याच्याकडून अशी चूक होत नाही. त्या दिवशी पाहिलेल्या साऱ्या वह्यांत हे पहिलेच इंग्रजी वाक्य असे होते, ज्याचा खरेखोटेपणा फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक होता. आम्ही सरांना तसे सांगितले. ते थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुलाला वारलीत काहीतरी विचारले, मुलगा हसला आणि बराच वेळ बोलत राहिला. शेळी कुठवर पळाली ते सांगत होता, असे नंतर कळले.

निघण्यापूर्वी आम्ही त्याच्या वहीवर हात ठेवून दोन वाक्ये झाकली आणि तिसऱ्यातल्या मधल्या शब्दाखाली पेन्सिल टेकवली. तो मागे गेला नाही. "गोट," म्हणाला, आणि आमचा हात बाजूला करून बाकीचेही वाचून दाखवले.