पेटीखालची मोकळी जागा

गच्चीवरच्या बागेची पारख करायची तर फुलांकडे नंतर पाहावं. आधी वाकून पेट्यांखाली नजर टाकावी. पुण्यातल्या एका जुन्या घराच्या गच्चीची मी अशी पारख केली आणि थक्क झालो. मोगरा, लिंबू, कढीलिंब यांच्या लांबट पेट्या लोखंडी घडवंच्यांवर आहेत. घडवंचीच्या प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा तुकडा, म्हणजे भार एका टोकावर रुतत नाही, पसरतो. खाली केरसुणी सहज फिरते, वारा खेळतो. या वीतभर रिकाम्या जागेतच मला साऱ्या बागेचं सौंदर्य दिसतं.

गच्ची कोब्याची आहे. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार साधायचा, सांधे भरायचे, वर सिमेंटचा थर देऊन ओल्यातच रेघांच्या चौकटी ओढायच्या. उतार साधारण शंभरास एक, म्हणजे दहा फुटांत जेमतेम सव्वा इंच. तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. कठडा जिथे जमिनीला मिळतो तिथे कोपरा न ठेवता गोलाई दिली आहे. पाण्याला कुठे टेकू द्यायचंच नाही, हा गवंड्याचा निर्धार त्या गोलाईत स्पष्ट वाचता येतो.

सपाट बुडाची पेटी थेट कोब्यावर ठेवली की ही सारी मेहनत वाया जाते. खालची ओल वाळत नाही. बारीकशी भेग मिळाली की पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, काँक्रीट फुगून फुटतं आणि खालच्या घरातल्या छताला लोणा येतो.

इथे पेट्याही उताराच्या दिशेने लावल्या आहेत. आडव्या ठेवल्या असत्या तर त्यांच्या पायांशी पाला अडून पाणी तुंबलं असतं. भोकांवर खापऱ्या, त्यांवर नारळाचा काथ्या, त्यामुळे जादा पाणी गाळ न घेता निथळतं. माती थोडी, पालापाचोळ्याचं खत जास्त. या हलकेपणाचं मोल मोठं आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते. फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलोंहून जास्त. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र सुमारे 150 किलो. म्हणून इथल्या जड पेट्या मधोमध नाहीत, खाली भिंती आहेत तिथे आहेत. पन्हळीच्या तोंडाशी तर एकही कुंडी नाही, नुसती जाळी. शोभेचा मोह तिथे आवरलाय, याची मला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

एक गोष्ट खटकते. मधुमालतीची पेटी कठड्याला अगदी चिकटून आहे, आणि तिच्या भोकातून उतरलेलं मूळ गोलाईतल्या केसाएवढ्या भेगेत शिरू पाहतंय. मृग लागण्याआधी ते कापून पेटी हातभर अलीकडे घ्यायला हवी, आणि भेग भरून त्या कोपऱ्यात दोन-तीन दिवस पाणी साठवून खालचं छत तपासायला हवं.