काळा म्हणजे रिकामा नव्हे

वर्गात प्रोजेक्टर आला आणि त्याच्या पाठोपाठ स्लाइडशो आला. सुरुवातीला चार चित्रे आणि आठ मुद्दे एवढ्यावर भागत असे. आता तसे भागत नाही. मुद्द्यांच्या मागून ढग सरकतात, शीर्षकाच्या अक्षरांतून समुद्र उसळतो, पेशीच्या आकृतीवर प्रकाशाचे कण तरंगतात. हे व्हिडिओ शिक्षकाला स्वतः काढावे लागत नाहीत. पॉवरपॉइंटच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ आवृत्तीत तयार व्हिडिओंचा साठा दिलेला असतो, आणि पेक्सेल्स, पिक्साबे यांसारख्या संकेतस्थळांवर असे व्हिडिओ विनामूल्य मिळतात. कोणत्याही कामाला लावता यावेत म्हणून आधीच काढून ठेवलेल्या या चित्रफितींना 'स्टॉक व्हिडिओ' म्हणतात. मूळ चित्रावर असा एखादा व्हिडिओ पसरला की तो झाला 'ओव्हरले', म्हणजे वरचा थर. चित्राचा काही भाग झाकून उरलेलाच दाखवला की तो झाला 'मास्क', म्हणजे खिडकी कापलेला कागद.

अनेक विज्ञानशिक्षक आपले स्लाइडशो आमच्याकडे पाहण्यासाठी पाठवतात. त्यांमागचे कष्ट दिसतात आणि हौसही दिसते. परंतु हे थर आणि या खिडक्या पाहताना एक प्रश्न वारंवार पडतो: हा थर चढवल्यावर चित्रातले विज्ञान खरे राहिले का? या लेखात आम्ही हीच एक कसोटी लावणार आहोत.

युक्ती जुनीच

ज्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर शिकवले आहे त्यांना थर आणि खिडकी नवीन नाहीत. पहिल्या पारदर्शिकेवर महाराष्ट्राची सीमारेषा असायची. तिच्यावर दुसरी ठेवली की नद्या दिसत, तिसरी ठेवली की पर्जन्यमान दिसे. सगळे मुद्दे एकदम दिसू नयेत म्हणून आपण पारदर्शिकेवर पोस्टकार्ड ठेवत असू आणि ते हळूहळू खाली सरकवत असू. तोच आपला मास्क. पॉवरपॉइंटची १९८७ सालची पहिली आवृत्तीसुद्धा मुख्यतः अशा पारदर्शिका छापण्यासाठीच होती.

चित्रपटातही ही युक्ती पहिल्यापासून आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए यांनी १८९८ साली काळ्या पडद्यासमोर उभे राहून एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण केले आणि स्वतःचीच चार मुंडकी एका चित्रात दाखवली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांत अशी ट्रिक-छायाचित्रणे केली. पण त्याच फाळक्यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' ही छोटी चित्रफीत केली, तेव्हा मात्र वेगळी वाट धरली. कॅमेरा एका जागी ठेवून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप सुमारे महिनाभर थोडेथोडे टिपले. काळ आखडून घेतला, पण कॅमेऱ्यासमोर नव्हते ते चित्रात घातले नाही. हनुमानाचे उड्डाण आणि वाटाण्याचा अंकुर या दोन चित्रणांकडून प्रेक्षक वेगवेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतो, हे त्यांनी ओळखले होते. विज्ञानाचा तास दुसऱ्या प्रकारात मोडतो.

संगणक काय करतो?

पडद्यावरील प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते १ या आकड्याने दाखवता येते. ० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा. वरचा थर ३० टक्के अपारदर्शक ठेवला, तर संगणक वरच्या बिंदूचे ०.३ पट आणि खालच्या बिंदूचे ०.७ पट घेऊन बेरीज करतो. चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली व्यवस्थित मांडले आणि आजही तेच वापरात आहे.

पाऊस, हिमवर्षाव, ठिणग्या, तारे यांचे स्टॉक व्हिडिओ बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर काढलेले असतात. ते जोडण्यासाठी शॉटकट, डाविंची रिझॉल्व्ह यांसारख्या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्क्रीन' नावाची पद्धत असते. तयार झालेली चित्रफीत मग स्लाइडशोत बसवतात. या पद्धतीत दोन्ही बिंदूंचे आकडे १ मधून वजा करायचे, आलेल्या वजाबाक्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार पुन्हा १ मधून वजा करायचा. वरचा बिंदू काळा म्हणजे ० असेल, तर खालचा बिंदू जसाच्या तसा राहतो. म्हणून काळी पार्श्वभूमी नाहीशी होते आणि ठिणग्या तेवढ्या उरतात. युक्ती सुरेख आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी हे गणित वहीत करून पाहू शकतील.

चंद्राच्या पोटातला तारा

आता चंद्रकोरीचे छायाचित्र घेऊ आणि त्यावर ताऱ्यांचा व्हिडिओ याच पद्धतीने पसरू. कोरीचा उजळ भाग ०.८ आणि तारा ०.९ मानला, तर उत्तर ०.९८ येते. उजळ भागावर तारा जेमतेम जाणवतो. कोरीच्या आतला अंधारा भाग ० आहे. तेथे उत्तर ०.९ येते, म्हणजे तारा लख्ख दिसतो. परिणामी चंद्राच्या दोन टोकांच्या मधोमध तारे चमकू लागतात.

हे आकाशात कधीही घडत नाही. कोरीच्या आतला काळा भाग म्हणजे मोकळे आकाश नसून ३,४७४ किलोमीटर व्यासाच्या खडकाळ गोलाचा सावलीतला भाग आहे. त्याच्या पलीकडचा तारा आपल्याला दिसूच शकत नाही. संगणकाच्या लेखी काळा म्हणजे रिकामा, आणि तो आपले गणित बरोबरच करतो. पण चंद्राच्या कला शिकवताना विद्यार्थ्याला पटवायचे असते ते नेमके याच्या उलट: चंद्र कापला जात नाही, तो सदैव पूर्ण गोल असतो, आपल्याला त्याचा प्रकाशित भाग तेवढा दिसतो. शिक्षक तोंडाने हे सांगत असतो आणि त्याच वेळी पडद्यावरचे तारे ते खोडून काढत असतात. मुलांच्या लक्षात काय राहील, हे सांगायला नको.

आणखी काही नमुने

डीएनएचा फिरता जिना हा स्टॉक व्हिडिओंतला लाडका विषय. पेशींत सामान्यतः आढळणारा डीएनए उजव्या पिळाचा असतो. उभा धरला तर त्याच्या समोरच्या बाजूचे धागे डावीकडून खालून उजवीकडे वर चढताना दिसतात. साध्या स्क्रूचा आटाही तसाच असतो, म्हणून वर्गात स्क्रू हातात घेऊन पडताळा पाहता येतो. मजकुराला जागा करण्यासाठी शिक्षक व्हिडिओ आडवा पलटवतात आणि उजवा पिळ डावा होतो. स्क्रू उलटा टांगला तर पिळ बदलत नाही, आरशात मात्र बदलतो. पलटवण्याची आज्ञा म्हणजे आरसाच आहे.

पृथ्वीच्या फिरत्या गोलाचेही तेच. उत्तर वर असेल तर भारत डावीकडून उजवीकडे सरकला पाहिजे, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. गोल पलटवला तर नकाशाच उलटा होतो. सांधा दिसू नये म्हणून व्हिडिओ एकदा सुलट, एकदा उलट चालवला, तर दर दुसऱ्या फेरीला सूर्य पश्चिमेला उगवेल.

दख्खनच्या पठाराच्या धड्यामागे स्फोट होणारा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आम्ही अनेकदा पाहिला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे जो लाव्हा आला, तो मुख्यतः जमिनीतल्या लांबलचक भेगांतून येऊन दूरवर पसरला. थरावर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याचीच साक्ष देतात. ज्या मुलाने घाट चढताना या पायऱ्या पाहिल्या आहेत, त्याच्या डोळ्यांसमोरचा पुरावा पडद्यावरचा शंकू पुसून टाकतो.

विजेच्या ओव्हरलेमध्ये लखलखाट आणि गडगडाट एकदमच होतात. आपण मात्र शिकवतो की ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून सेकंद मोजा आणि वीज किती दूर पडली ते काढा.

मास्कची गोल खिडकी

मास्कचा दोष ओव्हरलेइतका चटकन लक्षात येत नाही. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओला वर्तुळाचा आकार देता येतो. काळ्या स्लाइडवर गोल चित्र आले की पाहणाऱ्याला वाटते, हे सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून दिसते आहे. खरे तर संगणकावर रंगवलेली पेशी वर्तुळात बसवलेली असते. तीत निळे केंद्रक, केशरी तंतुकणिका, सगळे ठळक आणि हलते. दुसऱ्या दिवशी मुले प्रयोगशाळेत कांद्याची पात शंभरपट मोठी करून पाहतात. त्यांना विटांसारख्या फिकट पेशी दिसतात आणि आयोडीन घातले असेल तर केंद्रकाचा ठिपका दिसतो. मग एखादा विद्यार्थी म्हणतो, "सर, आमची स्लाइड बिघडली."

त्याची स्लाइड बिघडलेली नसते. त्याने जे पाहिले तेच खरे निरीक्षण होते. पण पडद्यावरच्या खोट्या खिडकीमुळे त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास डळमळला. विज्ञानशिक्षणात याहून मोठे नुकसान आम्हाला दिसत नाही. चुकलेली माहिती पुढच्या इयत्तेत दुरुस्त होऊ शकते. आपण पाहिले ते कमी दर्जाचे, ही समजूत एकदा रुजली की सहज जात नाही.

पण मुले लक्ष देतात ना?

यावर शिक्षक म्हणतात, शेवटच्या बाकावरचा मुलगाही या हालचालीमुळे मान वर करतो. हे खरे आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. प्रश्न इतकाच की मान वर केल्यावर तो काय पाहतो. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना वीज कशी निर्माण होते यावरचा पाठ दिला होता. काहींच्या पाठात विजेविषयी रंजक पण मूळ प्रक्रियेशी संबंध नसलेला तपशील घातला होता. त्या विद्यार्थ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले आणि नव्या प्रश्नांना ज्ञान लावणेही कमी जमले. पाठ रंजक झाला, पण समज घटली.

दुसरी अडचण साध्या प्रकाशाची आहे. वर दिलेल्या गणितानुसार ३० टक्के अपारदर्शक थर चढवला की खालच्या चित्रातील काळा आणि पांढरा यांमधला फरक १ वरून ०.७ वर येतो. आपल्या बहुतेक वर्गांत खिडक्यांना जाड पडदे नसतात आणि दिवसाच्या उजेडाने पडदा आधीच फिका झालेला असतो. त्यात ही घट पडली की मागच्या बाकावरून अक्षरेच लागत नाहीत.

मग वापर कसा करावा?

तंत्र टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. चंद्राचेच उदाहरण घेऊ. काळ्या स्लाइडवर सर्वांत खाली एक तारा ठेवा. त्यावर पूर्ण गोल, अपारदर्शक, काळा चंद्र ठेवा आणि चंद्रावर प्रकाशित कोर. गोल आणि कोर एकत्र बांधून त्यांना ताऱ्यावरून सावकाश सरकवा. कोर उजवीकडे, सरकण्याची दिशा डावीकडे. शुक्ल पक्षात चंद्राची पूर्वेकडची कड अंधारी असते आणि चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडेच, तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. दक्षिणेकडे तोंड करून पाहणाऱ्याला पूर्व डावीकडे असते. तारा 'दिसत नसलेल्या' कडेपाशी पोचताच नाहीसा होतो. हे झाले पिधान. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा या नक्षत्रांचे ठळक तारे चंद्र खरोखरच असे झाकू शकतो.

आता मुलांना विचारा: तारा हळूहळू मंदावत जाईल की एकदम विझेल? आकाशात तो एकदम विझतो. चंद्राला दाट वातावरण असते तर तसे झाले नसते. थरांचा क्रम बदलताच त्याच सॉफ्टवेअरमधून सजावटीऐवजी एक अनुमान हाती आले.

गोल मास्कसाठीही सोपा उपाय आहे. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाइलचा कॅमेरा लावून आपल्याच शाळेतल्या स्लाइडचे चित्र घ्यावे. ते आपोआप गोल येते आणि ती खिडकी खरी असते. पारदर्शक मोजपट्टी त्याच भिंगाखाली ठेवून दुसरे चित्र घेतले, तर वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर आहे हेही स्लाइडवर लिहिता येईल.

स्टॉक व्हिडिओ घ्यायचाच असेल तर तो कोठला, कधीचा, किती पट मोठा किंवा किती जलद केलेला आहे, हे आधी पाहावे. बहुतेक साठ्यांत ही माहिती नसते. 'अवकाश', 'निसर्ग', 'विज्ञान' अशी मोघम नावे तेवढी असतात. याउलट नासाच्या सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओमधील चित्रफितींबरोबर त्या कोणत्या मोजमापांवरून केल्या हे लिहिलेले असते. तेथे चंद्राच्या कला वर्षातल्या प्रत्येक तासासाठी काढून ठेवलेल्या आहेत. आजच्या तारखेचा चंद्र पडद्यावर दाखवावा आणि संध्याकाळी मुलांना आकाशातला पाहायला सांगावे.

स्लाइडशो पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी प्रत्येक थर एकेक करून बंद करावा आणि पाहावे. तो काढल्याने काही समजायचे राहत असेल तर थर ठेवावा. काही फरक पडत नसेल तर काढून टाकावा. आणि तो काढल्यावरच चित्र खरे होत असेल, तर ते दोन्ही चित्रे वर्गात शेजारीशेजारी दाखवून चूक शोधण्याचे काम मुलांना द्यावे. त्या तासाला शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करील.