हद्द कुणाची?

फिलिप सँड्स यांचे '38 लोंद्रेस स्ट्रीट' हे इंग्रजी पुस्तक 2025 साली प्रसिद्ध झाले. सँड्स हे लंडनमधले आंतरराष्ट्रीय कायद्याचे वकील. पण पिंड गोष्ट सांगणाऱ्याचा. चिलीचा माजी लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे याला 16 ऑक्टोबर 1998 रोजी लंडनच्या रुग्णालयात अटक झाली आणि मार्च 2000 मध्ये तो मायदेशी परतला, तो काळ हा पुस्तकाचा एक धागा. वॉल्टर राउफ हा नाझी अधिकारी हा दुसरा. शीर्षकातला पत्ता सांतियागो शहरातला आहे. तिथल्या एका घरात पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी माणसांचा छळ केला. जवळजवळ शंभर जण मेले किंवा कायमचे नाहीसे झाले. पुढे त्या घराचा क्रमांकच बदलून 40 करण्यात आला. स्पॅनिशमध्ये 'लोंद्रेस' म्हणजे लंडन, हा योगायोगही आहेच.

सीमाभागातल्या माणसाला कायद्यातला 'हद्द' हा शब्द शिकवावा लागत नाही. फिर्याद घेऊन ठाण्यात गेले की जखम किती खोल हे नंतर. आधी हद्द कुणाची? 2004 पासून तर आमचा अवघा मुलूखच सर्वोच्च न्यायालयातला हद्दीचा दावा होऊन बसला आहे. म्हणून या पुस्तकातला पेच मला मुळीच परका वाटला नाही. गुन्हा चिलीत, आरोपी चिलीचा, वॉरंट बाल्तासार गार्सोन या स्पेनच्या न्यायाधीशाचे आणि पकडणारे पोलीस लंडनचे.

पिनोशेच्या वकिलांचे म्हणणे साधे होते. राष्ट्रप्रमुखाने पदावर असताना जे केले त्याचा जाब परक्या देशाचे न्यायालय विचारू शकत नाही. ब्रिटनच्या उमराव सभेतील न्यायाधीशांनी 25 नोव्हेंबर 1998 रोजी 3 विरुद्ध 2 मतांनी हा बचाव फेटाळला. पण त्यातल्या एका न्यायाधीशाचे दाव्यात बाजू मांडणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीशी संबंध असल्याचे उघड झाले आणि तो निकालच रद्द करावा लागला! नव्या पीठाने 24 मार्च 1999 रोजी 6 विरुद्ध 1 असा निर्णय दिला. त्यामागचे तर्कशास्त्र मला फार देखणे वाटते. छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येनुसार 'छळ' म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने केलेला, किंवा त्याच्या संमतीने झालेला छळ. आता सरकारी अधिकारी म्हणूनच त्याला अभय द्यायचे, तर मग त्या कराराखाली पकडायचे कुणाला? ज्या पदाची ढाल पुढे केली, तेच पद गुन्ह्याची अट निघाले.

पण हाच निकाल दुसऱ्या हाताने बरेच काही काढूनही घेतो. ब्रिटनने त्या कराराला मान्यता दिली 8 डिसेंबर 1988 रोजी. त्यापूर्वीच्या छळासाठी पिनोशेला ब्रिटनमधून पाठवता येत नाही, असे ठरले. त्याची राजवट 1973 पासूनची. लोंद्रेस रस्त्यावरचे ते छळघर तर 1974 सालीच ओस पडले होते. म्हणजे पुस्तकाला ज्या घराचे नाव आहे, त्या घरातला एकही दिवस न्यायाच्या तागडीत पडला नाही. सँड्स यांनी या तारखेपाशी अधिक रेंगाळायला हवे होते, असे माझे मत आहे. त्यांना ओढ आहे ती राउफची. फिरत्या विषारी वायूच्या गाड्या बनवणारा हा माणूस पुढे पातागोनियात खेकड्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याला जर्मनीच्या हवाली करण्यास चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली नकार दिला. कारण मुदत संपली! हा प्रसंग आणि पिनोशेची तारीख शेजारी मांडली असती तर पुस्तकाचे सूत्र आपोआप हाती आले असते. त्याऐवजी राउफ पिनोशेच्या पोलिसांसाठी काम करीत होता की नाही, या शोधात लेखक बराच काळ हिंडतो. वाचक म्हणून मीही मागोमाग हिंडलो, हे खरे. पण कित्येकदा रहस्यकथेच्या ओढीने. छळातून वाचलेली माणसे बोलू लागतात तेव्हा मात्र सँड्स बाजूला सरतात, आणि ती पाने अस्सल उतरली आहेत.

प्रकृती खटल्यास योग्य नाही म्हणून पिनोशेला 2 मार्च 2000 रोजी सोडण्यात आले. सांतियागोच्या विमानतळावर तो चाकांच्या खुर्चीतून उठून चालू लागला. या सुटकेमागच्या वाटाघाटींचा माग सँड्स वकिली चिकाटीने काढतात, आणि उपशीर्षकात 'शिक्षामुक्ती' असा शब्द वापरतात. मला तो अर्धाच पटतो. पिनोशे 10 डिसेंबर 2006 रोजी, मानवी हक्क दिनी, शिक्षा न होताच मेला हे खरे. पण त्याआधी ऑगस्ट 2000 मध्ये चिलीच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कवच काढून घेतले होते. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे 2016 साली सेनेगलमध्ये दोषी ठरला. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला अन्वर रस्लान याला जर्मनीत कोब्लेंझच्या न्यायालयाने 2022 साली जन्मठेप दिली. अर्थात हे सारे पदावरून उतरलेले. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयापासून संरक्षण आहे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2002 सालीच सांगून ठेवले, आणि बेल्जियमने आपला सर्वव्यापी कायदा अमेरिकेच्या दबावाखाली 2003 साली गुंडाळला.

आणि आपल्याकडे? छळविरोधी करारावर भारताने 1997 साली सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. 1960 चा जिनिव्हा करार अधिनियम मात्र आहे, आणि युद्धकाळातल्या गंभीर गुन्ह्यांसाठी त्याची हद्द भारताबाहेरही पोचते, गुन्हेगार कुठल्याही देशाचा असो. याच अधिनियमाचा आधार गोव्यातल्या एका पाद्रींनी घेतला होता. 1961 नंतर त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व सोडले नव्हते आणि परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली होती. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळताना म्हटले की, हा अधिनियम कुणाही व्यक्तीला न्यायालयात धाव घेण्याचा वेगळा हक्क देत नाही. त्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेणार ती सरकारने, किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केली तरच.