पाठमोरी माणसं

भाच्याने बर्लिनहून येताना एका चित्राची छापील प्रत आणली. कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं ‘समुद्रावरचा चंद्रोदय’, साल १८२२. दिवाणखान्यात लावलं त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू चष्मा पुसून म्हणाल्या, “छान आहे हो, पण ह्यांची तोंडं कुठायत?”

प्रश्न रास्त होता. खडकावर दोन बायका नि एक पुरुष, तिघंही खुशाल आपल्याकडे पाठ करून बसलेली. समोर दोन शिडाची जहाजं, जांभळट आभाळ आणि ढगांतून वर येणारा चंद्र. संपलं चित्र! आपल्याला चंद्र म्हटला की माडाची झावळी लागते, झावळीखाली उसासे टाकणारी नायिका लागते. पण बाल्टिक समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाने माड आणावेत कुठून?

मूळ चित्र जेमतेम ५५ बाय ७१ सेंटिमीटरचं. ते काढून घेतलं वागेनर नावाच्या एका बँकवाल्याने. (मला बँकेकडून आजवर फक्त कॅलेंडर मिळालं.) त्याने १८६१ साली आपली २६२ चित्रं प्रशियाच्या राजाला ठेवली आणि त्यातूनच बर्लिनची नॅशनल गॅलरी उभी राहिली.

जहाजं बरोबर चंद्रोदयाच्याच मुहूर्तावर यावीत, हे मला जरा नाटकी वाटतं. पण त्या पाठींपुढे माझी टीका चालत नाही. चेहरे दिसले असते तर कोण खूश, कोण उदास ते ओळखून मी मोकळा झालो असतो. तोंडंच दिसत नाहीत, म्हणून मग ती बघतायत तिकडे आपण बघू लागतो. कोणाची वाट बघत असतील? जहाजात कोण असेल? तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, “चहा निवला तुमचा.”

तेव्हा एकदम गणपतीपुळ्याचा फोटो आठवला. आम्ही अकरा जण दात काढून कॅमेऱ्याकडे, आणि अण्णा एकटे समुद्राकडे तोंड करून! “अण्णा, फोटो बिघडवलात,” म्हणून मी केवढा ओरडलो होतो. ते नुसतं “हो का?” म्हणाले, आणि पुन्हा तिकडेच बघत राहिले.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. बिघडलेला म्हणून तो फोटो अल्बममध्ये लावलाच नव्हता. कालपासून माळ्यावरच्या ट्रंका उपसतोय.