तवंगाची चव

यवतमाळच्या दत्त चौकात, थंडीच्या सकाळी, पोह्यांच्या गाडीजवळ उभं राहिलं की मी आधी त्या माणसाचा डाव बघतो. भगोन्यात काळ्या हरभऱ्याचा रस्सा रटरटत असतो. मसाला तेल सुटेपर्यंत परतलेला, म्हणून वर लालभडक तवंग. डाव आडवा धरून अलगद टेकवला तर नुसता तवंग येतो, खोल बुडवला तर हरभरे. तवंग म्हणजेच तर्री. अख्ख्या पदार्थाला नाव मिळालं ते या वरच्या थरावरून, आणि तेही आधी: तर्री-पोहे.

स्पेनमध्ये पेयाच्या घोटासोबत जे चिमूटभर खाणं देतात, त्या ‘तापा’चंही असंच. ‘तापार’ म्हणजे झाकणे. पेल्यावर पावाची किंवा मांसाची चकती झाकण म्हणून ठेवत, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. सेव्हिलचा ‘एल रिंकोन्सियो’ हा तापा-बार 1670 पासूनचा. तिथे अजून गिऱ्हाईकाचा हिशेब समोरच्या लाकडी फळीवर खडूने मांडतात. आपली तर्रीही झाकणच. तिच्याखाली रस्सा कढत राहतो.

पहिला घास मी कोरड्या पोह्यांचा घेतो. वाफेवर ठेवलेले, मऊ, हळदीचे, चवीला जवळजवळ अबोल. पुण्याकडचे खमंग कांदेपोहे इथे चालले नसते. रश्शाशी भांडले असते. हे पोहे जागा सोडतात. मग रस्सा आत उतरतो आणि तिखट लगेच बोलत नाही. आधी काळ्या मसाल्याचा धुरकट वास, मग हरभऱ्याचा दाणा दाताखाली फुटतो, आणि घास गिळून झाल्यावर घशात जाळ. तेवढ्यात कच्चा कांदा गारवा आणतो, लिंबू धार लावतं. वरून भुरभुरलेला सांबार (कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो) शेवटी नाकात राहतो. ही चढण कुणी योजून बांधली नसेल, तरी एकाही घासाला ती चुकत नाही.

सावजी रस्सा नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतला. तर्रीचा हा रस्सा त्याचाच धाकटा भाऊ वाटतो मला.

ग्रॅनाडात पेय मागवलं की तापा फुकट येतो. इथे पोहे घेतले की दुसऱ्यांदा रश्शाचे पैसे बहुधा कुणी लावत नाही. बशीत चार दाणे आणि लाल कड उरलेली असते. शेजारचा बशी पुढे करतो, “भाऊ, तर्री मारा ना थोडी.” डाव आडवा होतो.